सैन्यभरती आणि नावावरचा जुना किरकोळ गुन्हा

सैन्यात भरती होऊ पाहणाऱ्या तरुणावर पूर्वी एखादा किरकोळ गुन्हा नोंदला गेला असेल, तर दोन प्रश्न उभे राहतात. त्या गुन्ह्यामुळे तो अपात्र ठरतो का, हा पहिला. तो गुन्हा अर्जात लपवला तर काय होते, हा दुसरा. गावात, तालमीत आणि भरतीच्या अकॅडमीत या दोहोंची गल्लत होते, आणि ‘केस आहे म्हणजे भरती गेली, तेव्हा सांगूच नये’ असा सल्ला सर्रास दिला जातो. कायदा मात्र दोन्हींकडे वेगवेगळ्या नजरेने पाहतो. किरकोळ गुन्ह्याकडे काणाडोळा करण्याची मुभा कायद्याने आणि न्यायालयांनी बऱ्याच ठिकाणी ठेवली आहे. जाणूनबुजून दिलेल्या खोट्या उत्तराला तशी मुभा क्वचितच मिळते. या लेखात हा प्रश्न बीदर जिल्ह्यातील हुलसूर आणि आसपासच्या सीमाभागाच्या संदर्भात मांडला आहे.

सीमाभागाची स्थिती

हुलसूर पूर्वी बसवकल्याण तालुक्यात होते. अलीकडे तो स्वतंत्र तालुका झाला. निजामाच्या हैदराबाद संस्थानातला हा मुलूख. १ नोव्हेंबर १९५६ रोजी राज्यपुनर्रचना झाली, तेव्हा जुन्या बीदर जिल्ह्याचे तुकडे पडले. उदगीर, निलंगा, अहमदपूर हे तालुके मराठी मुलखात गेले आणि हुलसूरचा परिसर तेव्हाच्या म्हैसूर राज्यात राहिला. सीमा नकाशावर आली तरी सोयरिकी, बाजारहाट, शिक्षण आणि शेती दोन्हीकडे चालूच राहिली. हुलसूरच्या मुलाचे आजोळ निलंग्याकडे असते, कॉलेज उदगीरला असते, भरतीची अकॅडमी लातूरला असते आणि रहिवासी दाखला मात्र बीदर जिल्ह्याचा असतो.

भूदलाच्या भरतीसाठी बीदर आणि कलबुर्गी हे जिल्हे बेळगावच्या सैन्यभरती कार्यालयाच्या अखत्यारीत येतात. हुलसूरपासून बेळगाव साडेतीनशे किलोमीटरहून अधिक लांब आहे. मराठा लाइट इन्फन्ट्रीचे रेजिमेंटल सेंटरही बेळगावातच असल्याने सीमाभागातल्या मराठी घरांना त्या शहराची सैनिकी ओळख जुनी आहे. बीदरला हवाई दलाचे प्रशिक्षण केंद्र आहे. कोरडवाहू शेती आणि हाताला कामाची वानवा असलेल्या या पट्ट्यात सैन्याची नोकरी म्हणजे पगार, मान आणि घराचा आधार असे सगळे एकदम असते. म्हणूनच एखादी जुनी केस आड येईल या भीतीने सगळे घर हवालदिल होते आणि चुकीचा सल्ला पटकन पटतो.

माहिती कोणकोणत्या टप्प्यांवर विचारली जाते

अग्निपथ योजना १४ जून २०२२ रोजी जाहीर झाली. तिच्यानुसार शिपाई वर्गाची भरती ‘अग्निवीर’ म्हणून चार वर्षांसाठी होते आणि त्यांतल्या २५ टक्क्यांपर्यंत जवानांना पुढे नियमित सेवेत घेतले जाते. ऑनलाइन नोंदणी, संगणकावरची सामाईक प्रवेश परीक्षा, मग मैदानी चाचणी, कागदपत्रांची छाननी, वैद्यकीय तपासणी, गुणवत्ता यादी आणि शेवटी प्रत्यक्ष नावनोंदणी असा तिचा क्रम आहे.

पूर्वेतिहासाचा प्रश्न या वाटेवर एकदाच येत नाही. मैदानावर उमेदवाराला शाळेचा आणि गावचा चारित्र्याचा दाखला, पोलिसांचे चारित्र्य प्रमाणपत्र आणि अधिसूचनेत दिलेल्या नमुन्यातले शपथपत्र दाखवावे लागते. निवड झाल्यावर नावनोंदणी अधिकारी समोर बसवून छापील प्रश्न विचारतो आणि उत्तरे लिहून घेतो. पुढे पडताळणी पत्रक उमेदवाराच्या जिल्ह्याच्या पोलिसांकडे जाते आणि ठाण्याच्या नोंदींशी ताडून परत येते. म्हणजे शपथपत्र, नावनोंदणीचा अर्ज आणि पोलिसांचा अहवाल अशा तीन कागदांवर एकाच गोष्टीची नोंद होते. तिन्हींत फरक पडला की प्रश्न निर्माण होतो, आणि तो बहुतेक वेळा प्रशिक्षण सुरू झाल्यावर होतो.

लष्कर कायद्यातील तरतूद

लष्कर कायदा, १९५० च्या कलम १३ मध्ये नावनोंदणीची पद्धत सांगितली आहे. अधिकाऱ्याने सेवेच्या अटी उमेदवाराला वाचून व समजावून द्यायच्या किंवा आपल्यासमोर दुसऱ्याकडून समजावून द्यायच्या, खोटे उत्तर दिल्यास या कायद्याखाली शिक्षा होईल अशी ताकीद द्यायची, आणि मग प्रश्न विचारून उत्तरे नोंदवायची. ही ताकीद उमेदवारासाठी महत्त्वाची आहे. ‘मला काही माहीतच नव्हते’ असे म्हणायला तिच्यानंतर फारशी जागा उरत नाही.

कलम ४४ त्या ताकिदीला दात देते. नावनोंदणीच्या वेळी विहित नमुन्यातल्या प्रश्नाला हेतुपुरस्सर खोटे उत्तर दिल्याचे उघड झाले, तर लष्करी न्यायालयात दोषी ठरलेल्या माणसाला पाच वर्षांपर्यंत कारावास होऊ शकतो. प्रत्यक्षात बहुतेक प्रकरणे कारावासापर्यंत न जाता सेवेतून कमी करण्यावर थांबतात. तरी मूळ गुन्ह्याला जिथे पाचपन्नास रुपये दंड झाला असता, तिथे लपवण्याला कायद्याने पाच वर्षांची कमाल शिक्षा ठेवली आहे, हे ध्यानात घ्यायला हवे. हवाई दलाच्या १९५० च्या कायद्यातही अशीच तरतूद आहे. ‘हेतुपुरस्सर’ या शब्दाचे वजनही मोठे आहे. उमेदवाराला खरोखर ठाऊक नसलेली गोष्ट त्याने सांगितली नाही, तर या कलमाखाली गुन्हा होत नाही.

नमुन्यातला प्रश्न बारकाईने पाहिला तर बहुतेकांची फसगत नेमकी कुठे होते ते कळते. त्यात तीन गोष्टी एकत्र विचारलेल्या असतात: कधी तुरुंगवास झाला आहे का, एखाद्या गुन्ह्याबद्दल खटला चालू आहे का, आणि दंडाधिकाऱ्याकडे किंवा पोलिसांकडे आपल्याविरुद्ध एखाद्या गुन्ह्याची तक्रार किंवा खबर कधी गेली आहे का. सामान्य माणूस पहिले दोन भाग ऐकून ‘नाही’ म्हणून मोकळा होतो. अटक झाली नाही, शिक्षा झाली नाही, मग सांगायचे काय, असे त्याला वाटते. पण तिसऱ्या भागाचा पसारा खूप मोठा आहे. एफआयआर त्यात येतेच. अदखलपात्र तक्रारही येते, आणि निर्दोष सुटून मिटलेली केसही येते. केंद्र सरकारच्या इतर सेवांच्या साक्षांकन पत्रकात तर अटक, खटला, स्थानबद्धता, दंड, शिक्षा यांबरोबरच हमीपत्रावर बांधून घेतले होते का, हेही विचारलेले असते.

किरकोळ गुन्हा म्हणजे नेमके काय

‘किरकोळ गुन्हा’ अशी एकच व्याख्या लष्कराच्या कायद्यात नाही. व्यवहारात ज्या प्रकरणांना हे नाव दिले जाते, त्यांचे सीमाभागात काही ठरलेले प्रकार दिसतात.

पहिला प्रकार भांडणांचा. बांधावरून, पाण्याच्या पाळीवरून किंवा ग्रामपंचायतीच्या निवडणुकीवरून हाणामारी होते आणि फिर्यादीत घरातल्या सगळ्या पुरुषांची नावे घातली जातात. त्यात सतरा-अठरा वर्षांच्या पोराचेही नाव येते. भारतीय दंड संहितेची ३२३, ५०४, ५०६ ही कलमे आणि जोडीला ३४ हा अशा केसचा ठरलेला साचा. १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहिता लागू झाल्यावर साधी दुखापत कलम ११५ मध्ये, शांतताभंगाच्या हेतूने केलेला अपमान ३५२ मध्ये आणि धमकी ३५१ मध्ये आली. जुनी केस जुन्याच कलमांनी ओळखली जाते, म्हणून अर्जात तीच कलमे लिहायची.

दुसरा प्रकार प्रतिबंधक कारवाईचा. गावात तणाव असला की पोलिस दोन्ही बाजूंच्या लोकांना कार्यकारी दंडाधिकाऱ्यापुढे उभे करून शांतता राखण्याचे बंधपत्र लिहून घेतात. पूर्वी फौजदारी प्रक्रिया संहितेच्या कलम १०७ खाली हे होई, आता भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १२६ खाली होते. ही शिक्षा नव्हे आणि गुन्हा सिद्ध झाल्याचा निर्णयही नव्हे. तरीही ‘बांधून घेतले होते का’ असा प्रश्न असेल, तर उत्तर ‘होय’ असेच द्यावे लागते.

तिसरा प्रकार पत्त्यांचा. दिवाळीच्या किंवा उगादीच्या सुमारास अंदर-बाहरच्या डावावर छापा पडतो आणि कर्नाटक पोलिस कायदा, १९६३ च्या कलम ८७ खाली केस होते. पोरे कोर्टात जातात, कबुली देतात, दंड भरतात आणि विसरून जातात. इथे धोका असा की दंड भरणे म्हणजे गुन्हा कबूल करणे. ती दोषसिद्धी ठरते. निर्दोष सुटलेल्या मारामारीच्या केसपेक्षा कबुली दिलेली जुगाराची केस कागदावर अधिक ठळक दिसते.

चौथा प्रकार वाहनांचा. हेल्मेट नसल्याचे ई-चलन भरणे आणि निष्काळजीपणे गाडी चालवून अपघात केल्याची एफआयआर होणे, यांत जमीन-अस्मानाचे अंतर आहे. पहिले सहसा दंडाच्या पावतीपुरते राहते. दुसरे फौजदारी प्रकरण असते.

पाचवा प्रकार जमावाचा आणि आंदोलनाचा: मिरवणुकीतला डीजे, रास्ता रोको, घोषणा, कोरोनाच्या टाळेबंदीत बाहेर पडणे. टाळेबंदीत भारतीय दंड संहितेच्या कलम १८८ खाली झालेले गुन्हे मागे घेण्याची भूमिका महाराष्ट्र सरकारने २०२२ मध्ये घेतली, त्यामागे तरुणांना चारित्र्य पडताळणीत येणाऱ्या अडचणी हेही कारण होते. सीमाप्रश्नाच्या आंदोलनांत बेळगावकडच्या मराठी तरुणांवर वेळोवेळी गुन्हे दाखल झाले आहेत. डिसेंबर २०२१ मध्ये बंगळूरमधील छत्रपती शिवाजी महाराजांच्या पुतळ्याच्या विटंबनेनंतर उसळलेल्या आंदोलनातही अनेकांना अटक झाली.

केस मिटली, पण नोंद उरली

केस ‘मिटली’ असे गावात म्हणतात, तेव्हा तिचा शेवट कायद्याच्या भाषेत पाच-सहा तऱ्हांनी झालेला असू शकतो. साक्षीपुरावे होऊन निर्दोष सुटका. साक्षीदार उलटल्याने संशयाचा फायदा देऊन सुटका. लोकअदालतीत किंवा कोर्टात समेट. सरकारने खटला मागे घेणे. उच्च न्यायालयाने एफआयआर रद्द करणे. पोलिसांनीच तपासाअंती प्रकरण बंद करणारा ‘ब’ अहवाल देणे. समेटाचा परिणाम कायद्याने निर्दोष सुटकेसारखाच असतो. खटला मागे घेतला, तर तो दोषारोप ठेवण्यापूर्वी की नंतर, यावर आरोपमुक्ती की निर्दोषता हे ठरते. सरकारने नुसती घोषणा केल्याने मात्र केस संपत नाही. सरकारी वकिलाचा अर्ज आणि कोर्टाची परवानगी दोन्ही लागतात.

यांपैकी कोणत्याही तऱ्हेने केस संपली तरी ठाण्याच्या दप्तरातली नोंद पुसली जात नाही. देशातील पोलिस ठाणी जोडणाऱ्या सीसीटीएनएस या संगणकीय जाळ्यामुळे ती दुसऱ्या राज्यातूनही दिसू शकते. शिवाय सर्वोच्च न्यायालयाच्या २०१६ च्या आदेशानंतर संवेदनशील प्रकरणे वगळता एफआयआर संकेतस्थळावर टाकल्या जातात. निलंग्यातली केस हुलसूरच्या पोलिसांना कळणार नाही, हा हिशेब आता चालत नाही.

प्रोबेशनबाबतही गैरसमज आहे. गुन्हेगार परिवीक्षा कायदा, १९५८ खाली समज देऊन किंवा चांगल्या वर्तणुकीच्या हमीवर सोडलेल्या व्यक्तीला कलम १२ संरक्षण देते: त्या दोषसिद्धीमुळे कायद्याने येणारी अपात्रता तिला लागू होत नाही. पण दोषसिद्धी नाहीशी होत नाही, असे न्यायालयांनी स्पष्ट केले आहे. म्हणून ती विचारली असता सांगावीच लागते.

अल्पवयीन असताना झालेली चूक

अठरा वर्षांखालच्या मुलांसाठी कायद्याची भूमिका अगदी निराळी आहे, आणि हा भाग गावपातळीवर सर्वात कमी माहीत असतो. बाल न्याय कायदा, २०१५ ने ‘नव्या सुरुवातीचे’ तत्त्व स्वीकारले आहे. कलम २४ नुसार बाल न्याय मंडळापुढे गेलेल्या मुलाला त्या निर्णयामुळे कोणतीही अपात्रता येत नाही आणि ठरावीक मुदतीनंतर नोंदी नष्ट करायच्या असतात. याला अपवाद सोळा वर्षांवरील मुलाने केलेल्या अशा घोर गुन्ह्याचा, ज्यात मंडळाच्या निर्णयानंतर त्याच्यावर प्रौढाप्रमाणे खटला चालतो. कलम ७४ च्या दुसऱ्या पोटकलमात तर स्पष्ट म्हटले आहे की, प्रकरण निकाली निघाले असेल तर पोलिसांनी चारित्र्याच्या दाखल्यासाठी किंवा अन्य कारणासाठी मुलाची नोंद उघड करायची नाही. २०१६ च्या आदर्श नियमांनुसार घोर गुन्हे आणि प्रौढांच्या जोडीने केल्याचा आरोप असलेले गुन्हे सोडून इतर प्रकरणांत मुलाविरुद्ध एफआयआर न करता ठाणे दैनंदिनीत नोंद करायची असते.

सर्वोच्च न्यायालयाने २०१९ मध्ये केंद्रीय औद्योगिक सुरक्षा दलातील एका उमेदवाराच्या प्रकरणात हेच तत्त्व लावले आणि अल्पवयात घडलेल्या घटनेचे ओझे त्याच्या नियुक्तीवर टाकू नये असे ठरवले. तरीही प्रत्यक्षात गोंधळ होतो. मारामारीच्या फिर्यादीत पोराचे वय ‘अंदाजे १९’ असे लिहिले जाते, त्याला प्रौढांच्या कोर्टात उभे केले जाते आणि सतराव्या वर्षातली केस एकोणिसाव्या वर्षातली दिसते. अशा वेळी शाळेचा निर्गम उतारा, म्हणजे टीसी, आणि दहावीचे प्रमाणपत्र हे वयाचे पुरावे लगेच कोर्टापुढे ठेवणे आवश्यक असते. अल्पवयीन असल्याचा मुद्दा खटल्याच्या कोणत्याही टप्प्यावर, अगदी निकालानंतरही, मांडता येतो.

न्यायालयांनी घातलेली घडी

लपवलेल्या माहितीबद्दलची सर्वोच्च न्यायालयाची भूमिका तीस वर्षांत बदलत आली आहे. सुरुवातीला दोन धारा समांतर वाहत होत्या. १९९६ मध्ये हरियाणातील एका चतुर्थश्रेणी कर्मचाऱ्याचे प्रकरण आले. सार्वजनिक ठिकाणी अश्लील वर्तन केल्याच्या कलमाखाली त्याला अवघा २० रुपये दंड झाला होता आणि तेवढ्यावरून नोकरी गेली होती. न्यायालयाने ती परत दिली आणि दोन हजार रुपयांपर्यंतच्या दंडाने संपणारे किरकोळ गुन्हे सरकारी नोकरीच्या आड येऊ नयेत, असा कायदा संसदेने करावा, अशी अपेक्षा व्यक्त केली. असा सर्वसाधारण कायदा आजपर्यंत झालेला नाही. त्याच वर्षी दिल्ली पोलिसांच्या एका प्रकरणात मात्र न्यायालयाने म्हटले की, उमेदवार निर्दोष सुटला असला तरी शिस्तीच्या दलासाठी त्याचा पूर्वेतिहास पाहण्याचा अधिकार नियुक्ती अधिकाऱ्याला आहे.

२००५ मध्ये आंध्र प्रदेशातील पोलिस शिपायाच्या प्रकरणात महत्त्वाचा मुद्दा ठरला. अर्जात फक्त दोषसिद्धी आणि प्रतिबंधक स्थानबद्धता विचारली होती. अटक किंवा चालू खटला विचारलाच नव्हता. जे विचारले नाही ते न सांगणे म्हणजे लपवणे नव्हे, असे न्यायालय म्हणाले. २०१० मध्ये केंद्रीय राखीव पोलिस दलाच्या एका प्रकरणात प्रश्नाच्या भाषेचा वाद आला. प्रश्न संदिग्ध असेल तर त्याचा फटका उमेदवाराला बसू नये, हे न्यायालयाने मान्य केले. पण त्या पत्रकातला हिंदी मजकूर पुरेसा स्पष्ट असल्याने उमेदवाराला दाद मिळाली नाही.

२०११ मध्ये दिल्ली पोलिसांच्या हेड कॉन्स्टेबल पदाच्या प्रकरणात न्या. मार्कंडेय काटजू यांच्या पीठाने सर्वात उदार सूर लावला. उमेदवार विशीत असताना कुटुंबाच्या भांडणात गुंतला होता आणि समेटाने सुटला होता. तरुण वयातल्या चुकांकडे पोक्त माणसाच्या फूटपट्टीने पाहू नये, असे सांगताना न्यायालयाने व्हिक्टर ह्यूगोच्या कादंबरीतल्या, पाव चोरल्याबद्दल जन्मभर चोर ठरलेल्या जाँ वालजाँचा दाखला दिला. त्यानंतर दोनच वर्षांनी, २०१३ मध्ये, दुसऱ्या पीठाने दिल्ली पोलिसांच्याच प्रकरणात सांगितले की समेटाने किंवा साक्षीदार फुटल्याने झालेली सुटका म्हणजे आपोआप नोकरीचा हक्क नव्हे.

परस्परविरोधी निकालांचा हा गुंता २१ जुलै २०१६ रोजी तीन न्यायमूर्तींच्या पीठाने ‘अवतार सिंग विरुद्ध भारत सरकार’ या निकालात सोडवला. न्या. रंजन गोगोई, न्या. अरुण मिश्रा आणि न्या. प्रफुल्लचंद्र पंत यांनी घालून दिलेले अकरा मुद्दे आजही आधारभूत आहेत. त्यांचा सारांश असा. उमेदवाराने दिलेली माहिती खरी असली पाहिजे. लपवलेले प्रकरण अगदी क्षुल्लक असेल, उदाहरणार्थ कोवळ्या वयात घोषणा दिल्याचे, तर ते लपवणेही अधिकारी आपल्या अधिकारात माफ करू शकतो. प्रकरण गंभीर असेल तर नियुक्ती रद्द करू शकतो. उमेदवाराने खरे सांगितले, तरी त्याचा पूर्वेतिहास तपासण्याचा अधिकार अबाधित राहतो. खरे सांगितले म्हणून नियुक्ती दिलीच पाहिजे असे बंधन नाही. क्षुल्लक खटला चालू असल्याचे प्रामाणिकपणे सांगितले असेल, तर निकालाच्या अधीन राहून नियुक्ती देता येते. अनेक खटले लपवणे हे स्वतःच गंभीर आहे. खटला असल्याचे उमेदवाराला माहीतच नसेल, तर तेही लक्षात घ्यावे लागते. अर्जातला प्रश्न नेमका असला पाहिजे. मोघम प्रश्नाच्या आधारे लपवल्याचा ठपका ठेवता येत नाही.

२०१८ मध्ये महाराष्ट्रातील एक प्रकरण या तत्त्वांच्या उजेडात पाहिले गेले. २००४ मध्ये निर्दोष सुटलेल्या आणि २००९ मध्ये न्यायिक अधिकारी म्हणून निवड झालेल्या उमेदवाराने आपली जुनी केस स्वतःहून सांगितली होती. तरी त्याची निवड रद्द झाली होती. सर्वोच्च न्यायालयाने प्रकरणातले तपशील पाहून त्याचा फेरविचार करायला लावला. मे २०२२ मध्ये रेल्वे सुरक्षा दलाच्या एका शिपायाबाबत न्यायालयाने म्हटले की, लपवले एवढ्या एकाच कारणावरून यांत्रिकपणे नोकरी काढता येत नाही. त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये केंद्रीय राखीव पोलिस दलाच्या प्रकरणात दुसऱ्या पीठाने बजावले की, गणवेशधारी दलांत विश्वासार्हतेची पट्टी अधिक उंच असते आणि प्रत्येक प्रकरण त्याच्या वस्तुस्थितीवर तोलावे लागते. फेब्रुवारी २०२४ मध्ये उत्तर प्रदेशातील एका पोलिस शिपायाला न्यायालयाने पुन्हा सेवेत घेण्याचा आदेश दिला. सरसकट एकच माप लावू नये, हा त्या निकालाचा गाभा आहे.

यांतील बहुतेक प्रकरणे पोलिस आणि निमलष्करी दलांची आहेत. सैन्याला लष्कर कायद्याची स्वतंत्र चौकट आहे आणि नावनोंदणीनंतर दाद मागण्यासाठी २००७ च्या कायद्याने स्थापन झालेले सशस्त्र दल न्यायाधिकरण आहे. तरी खरे सांगणे, प्रश्नाची नेमकी भाषा, गुन्ह्याचे स्वरूप आणि उमेदवाराला असलेली माहिती ही चार मापे तिथेही लागू पडतात.

२०२२ चा धडा

अग्निपथ योजनेविरुद्ध जून २०२२ मध्ये देशात अनेक ठिकाणी हिंसक आंदोलन झाले. १९ जूनच्या पत्रकार परिषदेत लष्करी व्यवहार विभागाचे अतिरिक्त सचिव लेफ्टनंट जनरल अनिल पुरी यांनी सांगितले की, प्रत्येक उमेदवाराला जाळपोळीत किंवा तोडफोडीत सहभागी नसल्याचे लिहून द्यावे लागेल, शंभर टक्के पोलिस पडताळणी होईल आणि एफआयआर असलेल्याला प्रवेश मिळणार नाही. या भूमिकेने एक वास्तव उघड केले. चालू असलेली केस आणि संपलेली केस यांत भरतीच्या दृष्टीने मोठा फरक आहे. न्यायालये क्षुल्लक चालू खटल्याबाबत सवलतीला वाव ठेवतात; भरती यंत्रणा मात्र चालू एफआयआरच्या उमेदवाराला सहसा पुढे सरकू देत नाही. म्हणून वयोमर्यादा हातची जाण्याआधी केस कायदेशीररीत्या संपवणे, हाच खरा उपाय ठरतो.

दोन राज्ये, दोन भाषा

इथे सीमाभागाची अडचण विशेष आहे. हुलसूर ठाण्याची एफआयआर कन्नडमध्ये असते, बसवकल्याणच्या कोर्टाचे कागद कन्नड किंवा इंग्रजीत असतात, आणि भरतीचा अर्ज हिंदी-इंग्रजीत. मराठी माध्यमात शिकलेल्या पोराला आपल्यावरचे कलम कोणते आणि निकालात ‘निर्दोष’ लिहिले आहे की ‘दंड’, हेही अनेकदा स्वतः वाचता येत नाही. वकिलाने ‘मिटले’ म्हटले की तो तेवढ्यावर विश्वास ठेवतो. लष्कर कायद्याने अटी समजावून देण्याची जबाबदारी अधिकाऱ्यावर टाकली आहे. पण आपलीच केस काय आहे हे आधी समजून घेणे उमेदवाराच्या हाती असते.

दुसरी अडचण अधिकारक्षेत्राची. हुलसूरची एफआयआर रद्द करायची तर कर्नाटक उच्च न्यायालयाच्या कलबुर्गी खंडपीठाकडे जावे लागते. निलंग्याची असेल तर मुंबई उच्च न्यायालयाच्या छत्रपती संभाजीनगर खंडपीठाकडे. चारित्र्य पडताळणीचा अर्जही कर्नाटकात सेवा सिंधू पोर्टलवर आणि महाराष्ट्रात त्या राज्याच्या पोलिसांच्या सेवेवर करावा लागतो. लातूरला अकॅडमीत राहिलेल्या मुलाने तिथला पत्ता लपवू नये, कारण पडताळणी राहिलेल्या ठिकाणांवरूनही होऊ शकते.

इतर देशांत

ब्रिटनमध्ये १९७४ पासून गुन्हेगार पुनर्वसन कायदा आहे. ठरावीक काळ लोटला की किरकोळ शिक्षा ‘संपलेली’ मानली जाते आणि सैन्यभरतीसह बहुतेक ठिकाणी ती सांगावी लागत नाही. अमेरिकेत उलट पद्धत आहे: न्यायालयाने नोंद पुसली असली तरी लष्कराला ती सांगावी लागते, पण तिथे वर्तणुकीबाबत सूट देण्याची रीतसर प्रक्रिया आहे आणि किरकोळ प्रकरणांत ती मिळू शकते. फसवून भरती होणे हा तिथल्या लष्करी संहितेत गुन्हाच आहे. भारतात अल्पवयीन मुले आणि प्रोबेशन एवढ्यापुरतीच कायद्याची सवलत आहे. प्रौढाच्या किरकोळ शिक्षेला मुदत लावणारा कायदा नाही, आणि सूट देण्याची जाहीर कार्यपद्धतीही नाही. सगळे अधिकाऱ्याच्या विवेकावर सोडलेले आहे.

उमेदवाराने आणि यंत्रणेने काय करावे

उमेदवाराच्या दृष्टीने क्रम सोपा आहे. आधी एफआयआर, दोषारोपपत्र आणि निकालाची प्रमाणित प्रत मिळवावी आणि ती समजेल अशा भाषेत वकिलाकडून किंवा जाणत्या शिक्षकाकडून वाचून घ्यावी. केस चालू असेल तर समेट, लोकअदालत किंवा रद्द करण्याचा अर्ज यांपैकी लागू मार्ग वेळेत धरावा. दंड भरून मोकळे होण्याआधी ती कबुली ठरते हे लक्षात घ्यावे. वय अठराच्या आत असेल तर बाल न्याय मंडळाचा मार्ग मागावा. मग अर्जातला प्रश्न शब्दशः वाचून जेवढे विचारले तेवढे, पण पूर्ण सांगावे: ठाण्याचे नाव, गुन्हा क्रमांक, वर्ष, कलमे, कोर्ट, निकालाची तारीख. तिन्ही कागदांवर एकच मजकूर असावा आणि निकालाची प्रत सोबत जोडावी. दलालाच्या सांगण्यावरून ‘निरंक’ लिहू नये. खोटा दाखला काढणे हा तर नवा आणि मूळ गुन्ह्याहून कितीतरी मोठा गुन्हा ठरतो.

यंत्रणेची जबाबदारीही तेवढीच स्पष्ट आहे. न्यायालयाने नेमका प्रश्न मागितला आहे, तर भरतीच्या अर्जातला तिहेरी प्रश्न तीन वेगळ्या प्रश्नांत मोडून उमेदवाराच्या भाषेत द्यायला हवा. ठाण्यांनी अल्पवयीनांच्या निकाली नोंदी दाखल्यांत आणणे थांबवायला हवे. अकॅडम्यांनी धावण्याच्या सरावाबरोबर कागदांचा हा भागही शिकवायला हवा. आणि १९९६ मध्ये मागितलेला, किरकोळ दंडाला नोकरीच्या आड येऊ न देणारा कायदा संसदेने अजूनही करायला हवा. तो होईपर्यंत हुलसूरच्या तरुणाच्या हाती सर्वात भक्कम कागद म्हणजे निकालाच्या प्रतीसह दिलेले त्याचे खरे उत्तर. त्याने नोकरीची खात्री मिळत नाही; पण गुन्हा क्षुल्लक असेल तर न्यायालयाने ठेवलेली सवलत मागण्याचा त्याचा दावा त्यानेच बळकट होतो, आणि कलम ४४ त्याला लागू होत नाही.